तबेले आणि घोडेबाजार : अश्वप्रेमी भटक्यांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात घोडे जवळून पाहण्याची प्रमुख ठिकाणे तीन प्रकारची आहेत : यात्रेतील घोडेबाजार, पर्यटनस्थळांवरील भाड्याचे घोडे आणि जातिवंत घोड्यांची पैदास करणारे खासगी स्टड फार्म. या ठिकाणांचा हंगाम आणि तेथील रीत वेगवेगळी असली, तरी त्यांची पारख तेथील घोड्यांच्या प्रकृतीवरूनच करणे योग्य ठरते.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास, मोठा घोडेबाजार भरतो आणि दोंडाईचा हे तेथून जवळचे रेल्वेस्थानक आहे. आत वळलेल्या कानांची टोके एकमेकांना भिडणारे मारवाडी आणि काठियावाडी घोडे येथे पाहता येतात. चारही पाय आणि तोंडावरील पट्टा पांढरा असलेला पंचकल्याणी, मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख, तसेच रेवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी वेगवान चाल, या संज्ञा आधी समजून घेतल्यास सौद्यातील बोलणे उलगडते.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हे तेथील दैनंदिन वाहतुकीचे साधन असून, दस्तुरी नाक्यापासून घोडे मिळतात. मात्र पावसाळ्यात लाल मातीच्या वाटा निसरड्या होत असल्याने नवशिक्यांनी हिवाळ्यातच रपेट करावी. खासगी स्टड फार्मवर पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये आणि एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात जाताना हात धुऊन पादत्राणे स्वच्छ करावीत, कारण ग्लँडर्ससारखा संसर्गजन्य रोग घोड्यांकडून माणसांनाही होऊ शकतो.

स्वार होण्यापूर्वी खोगिराखाली, तसेच खोगीर आवळून धरणाऱ्या तंगाच्या जागी जखमा आहेत का, घोडा लंगडतो का आणि नाल घट्ट आहेत का, हे पाहावे. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नसल्याने त्याच्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जावे आणि रिवाजाप्रमाणे डावीकडून चढावे. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवण्याच्या कडीत, फक्त चवडा टेकवावा. पाऊल आत अडकू नये म्हणून किंचित टाच असलेले बूट आणि डोक्याच्या रक्षणासाठी हेल्मेट वापरावे. स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानुसार 300 किलोच्या तट्टावर खोगिरासह 60 किलोपेक्षा जास्त भार टाकणे अयोग्य ठरते, म्हणून वजनदार व्यक्तींनी मोठा घोडा मागावा किंवा पायी चालावे.

घोड्याची पाठ सोलवटलेली असेल किंवा तो लंगडत असेल, तर प्रत्येक पर्यटकाने रपेट नाकारावी आणि नकाराचे कारण घोडेवाल्याला सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे सांगावे. निरोगी घोड्यालाच गिऱ्हाईक मिळते, हे दिसू लागले, तर त्याच्या विश्रांतीची आणि उपचारांची काळजी घेणे मालकाच्याही हिताचे ठरेल.