जुन्या स्मार्टफोनचा दुसरा उपयोग : घरची वाणी व शेताची नोंद

शेतकऱ्याच्या घरी एखादे अवजार एका कामातून बाद झाले म्हणून टाकून दिले जात नाही. झिजलेल्या फाळाचे लोहार खुरपे करून देतो; मोडक्या गाडीचे लाकूड गोठ्याच्या दारास लागते. परंतु नवा स्मार्टफोन घरात आला की जुना मात्र कपाटाच्या खणात पडून राहतो, किंवा मुलांच्या हाती खेळणे म्हणून जातो. वस्तुतः आवाज टिपणे, छायाचित्र घेणे व लिहिणे या तिन्ही कामांची साधने त्यात बहुधा शाबूत असतात. त्यांचा सदुपयोग कसा करावा, याविषयी चार व्यवहार्य गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वेगळे उपकरण कशासाठी ?

हल्ली रोजच्या वापराच्या मोबाईलवर शेतकऱ्याचा सारा व्यवहार चालतो. बँकेचे संदेश त्यावर, बाजारभाव त्यावर, आणि २०२१ सालापासून ई-पीक पाहणीही त्यावरच. असे उपकरण क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. घरातील वृद्ध माणूस जुनी हकीकत सांगण्याच्या भरात असावा आणि मध्येच घंटी वाजावी, म्हणजे तो धागा पुन्हा जुळत नाही. सिमकार्ड काढलेल्या जुन्या फोनवर असा फोन येत नाही. नव्याच्या मानाने जे त्याचे उणेपण, तेच या कामात त्याचे बळ होय.

पूर्वतयारी

प्रथम जुन्या फोनमधील छायाचित्रे व कागदपत्रे संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. नंतर त्यातील आपले खाते रीतसर काढून टाकावे व मगच फोन मूळ स्थितीत आणावा, म्हणजे त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. हा क्रम चुकल्यास पुष्कळ फोन मागील खात्याचा परवलीचा शब्द विचारून अडून बसतात.

बँकेचा किंवा पैशाचा कोणताही व्यवहार या फोनवर ठेवू नये. कंपन्या जुन्या फोनांस सुरक्षेच्या सुधारणा पुरविणे काही वर्षांनी बंद करतात, आणि अशा फोनवर पैशाचा व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या कोठारात धान्य भरणे होय.

जुन्या फोनचा सर्वांत दुबळा अवयव म्हणजे त्याची बॅटरी. तिला उष्णता सोसत नाही. सबब फोन उन्हात, चुलीजवळ किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नये. २० ते ८० टक्के या मर्यादेत भरणा ठेवल्यास ती अधिक काळ टिकते. रात्रभर गादीवर किंवा उशाखाली फोन चार्जिंगला लावण्याची सवय घातक आहे. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. माहीतगार दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्यावी. फोन निकामीच झाला तर तो उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत.

ध्वनिमुद्रण

आमच्या मते या फोनचे पहिले काम हेच असावे. घरातील पंखा बंद करावा. फोन विमान अवस्थेत घालून घडी केलेल्या कापडावर, बोलणाऱ्यापासून वीत-दोन वीत अंतरावर ठेवावा. सुरुवातीस तारीख, गाव व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. मध्ये प्रश्न थोडे विचारावेत व उत्तर पुरे होऊ द्यावे. मुद्रण इतरांस ऐकविण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी. घरचे माणूस असले तरी हा शिष्टाचार सोडू नये.

जागेची चिंता बाळगण्याचे कारण नाही. संक्षिप्त स्वरूपात साध्या बोलण्याच्या एका तासास सुमारे ३० एमबी जागा पुरते. ध्वनी मुळीच न दाबता एकेरी मुद्रण केले तरी तासास सुमारे ३२० एमबी लागते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात शंभराच्या आसपास तास मावतात.

छायाचित्रे व लेखन

छायाचित्रासाठी प्रथम भिंगाची काच मऊ कापडाने पुसावी. बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे जावे. बांधावरील एकच दगड ठरवून तेथून दर पंधरवड्यास त्याच दिशेने शेताचे एक चित्र घेतल्यास वर्षाअखेर पेरणीपासून काढणीपर्यंतचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणत्या भागात पाणी साचते, कोठे पीक मागे पडते, हे स्मरणावर विसंबून सांगण्यापेक्षा अशा चित्रमालेवरून पुष्कळ स्पष्ट दिसते.

लेखनासाठी मराठी कळफलक बसवून घ्यावा. गूगलने २०१७ साली मराठी बोलून लिहिण्याची सोय केली. ज्यांस कळा दाबण्याचा कंटाळा येतो त्यांस ती उपयोगी पडेल. मात्र शेतीतील ग्रामीण शब्द यंत्र पुष्कळदा चुकीचे ऐकते. म्हणून लिहिलेले एकवार वाचून दुरुस्त करावे. पुष्कळ लिहावयाचे असल्यास बिनतारी कळफलक जोडता येतो.

दप्तराची शिस्त

महसुली दप्तरात आमची बरीच वर्षे गेली. तेथील अनुभव असा की, ज्या कागदास तारीख व विषय नाही तो दप्तरात असून नसल्यासारखा. तोच नियम येथे लागू आहे. प्रत्येक मुद्रणास व चित्रास प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी विषय असे नाव द्यावे. उदाहरणार्थ, ‘२०२६-०१-१४ आजी पेरणीच्या ओव्या’. शेताच्या चित्रास गट नंबर जोडावा. असे केल्याने यादी आपोआप क्रमाने लागते. प्रत्येक गोष्टीच्या आणखी दोन प्रती कराव्यात. एक घरी पेनड्राइव्हवर, दुसरी परगावच्या नातलगाकडे. जुना फोन केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो.

विलंब का नको ?

हेमा राईरकर व गी पॉयटवां यांनी पुण्यास राहून, सहकाऱ्यांसह, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांपैकी बहुसंख्य ओव्या कागदावर लिहिलेल्या आहेत. गाणाऱ्या बाईचा आवाज थोड्याच ओव्यांना लाभला आहे. विजेची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि गाण्याचा प्रसंगच उरला नाही. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या आज आज्या-पणज्या आहेत. मोटेवरची गाणी, जुन्या वाणांची नावे, विहीर कोणी व कशी खोदली याची हकीकत, यांचीही तीच गत आहे. जमिनीचा उतारा आपल्यामागे मुलांस मिळतो. या गोष्टींचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

तेव्हा ज्यांच्या कपाटात जुना फोन पडून असेल, त्यांनी येत्या आठ दिवसांत तो बाहेर काढून त्याची बॅटरी तपासावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास बसावे. पहिले मुद्रण तेवढेच झाले तरी पुरे आहे.