आवाजाची राखण : ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रणाचे पहिले धडे

आळंद म्हणजे इंद्रायणीकाठची आळंदी नव्हे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचा हा तालुका महाराष्ट्राच्या अक्कलकोट व उमरगा या तालुक्यांच्या शेजारी वसलेला आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. राज्याची, जिल्ह्याची नावे बदलली, तरी या भागातील माणसांची बोलणी एकमेकांत मिसळलेलीच राहिली. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा येथील बाजारात एकाच दिवशी कानी पडतात. तुकोबारायांच्या गुरुपरंपरेतील राघव चैतन्य यांचे नाव परंपरेने याच गावाशी जोडले जाते, आणि लाडले मशायक यांचा दर्गाही येथेच आहे.

अशा प्रदेशाचे खरे धन कागदपत्रांत थोडे आणि माणसांच्या कंठात फार असते. जात्यावर दळताना मराठी बायका ओव्या म्हणत, कन्नड बायका ‘बीसुव पद’ म्हणत, आणि विजापूरकडील सूफी परंपरेत दखनी भाषेतील ‘चक्कीनामे’ रचले गेले. भाषा तीन, परंतु खुंटा धरणारा हात एकाच तऱ्हेने फिरणारा. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट कमी झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र दळणाबरोबर गाण्याचा प्रसंगही संपला. ज्या स्त्रियांनी लहानपणी आई-आजीच्या मांडीशी बसून ही गाणी ऐकली, त्या आज वृद्ध आहेत. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळी जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहे. या मंडळींचे सांगणे जतन करावयाचे असेल, तर हाती असलेला काळ फार थोडा आहे. सुदैवाने साधन मात्र आज घराघरांत पोहोचलेले आहे. त्या साधनाचा उपयोग नीट कसा करावा, याची तोंडओळख नवशिक्या वाचकांस करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

कागदावरची ओवी आणि कंठातली ओवी

या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. अकराशेहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळविल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक व संगणकतज्ज्ञ या कामात आले आणि त्यांनी ध्वनिमुद्रणाची व संगणकीय नोंदींची बाजू सांभाळली. २०१७ पासून हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुला होत गेला.

या कामातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लाखावर ओव्या लिहिल्या गेल्या, पण ध्वनिमुद्रण झाले ते सुमारे १२० तासांचे. म्हणजे बहुसंख्य ओव्यांचे शब्द उरले, चाल उरली नाही. दुसरी गोष्ट अशी की, ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली गेली. म्हणूनच वीस-पंचवीस वर्षांनंतर कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत जाऊन त्या स्त्रियांना भेटू शकले. आवाज आणि नोंद या दोहोंपैकी एक जरी हरवले, तरी दुसऱ्याचे मोल निम्म्याने घटते.

अंकीय मुद्रण म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेचे कंपन. माइक या कंपनाचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म चढउतारांत करतो. पूर्वीच्या कॅसेटमध्ये हे चढउतार चुंबकीय फितीवर जसेच्या तसे उमटत. अंकीय म्हणजे डिजिटल पद्धतीत ते मोजले जातात आणि आकड्यांच्या रूपाने साठविले जातात.

विहिरीच्या पाण्याची पातळी खुणा केलेल्या काठीने मोजून वहीत लिहावी, तसाच हा प्रकार आहे. नोंद खरी उतरण्यासाठी दोन गोष्टी लागतात : पातळी वारंवार मोजली पाहिजे आणि काठीवरच्या खुणा बारीक असल्या पाहिजेत. किती वेळा मोजले, त्याला नमुनादर म्हणतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी तो सेकंदाला ४४,१०० ठरविण्यात आला. चित्रमुद्रणाबरोबरच्या ध्वनीसाठी ४८,००० हा दर रूढ आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकू येतात, आणि एखादे कंपन नोंदविण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते; म्हणून हे आकडे निवडले गेले. खुणांचा बारीकपणा ‘बिट’मध्ये सांगतात. १६ बिट म्हणजे ६५,५३६ खुणा. बोलणे व गाणे यांसाठी ४८,००० नमुनादर आणि १६ बिट एवढे पुरेसे आहे. यंत्रात २४ बिटची सोय असल्यास ती घ्यावी.

मुद्रणाची फाइल दोन प्रकारची असते. ‘वेव्ह’ फाइलमध्ये मोजलेले सर्व आकडे राहतात. ‘एमपी-थ्री’ प्रकारात कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान केली जाते, आणि एकदा गाळलेले परत मिळत नाही. मूळ मुद्रण शक्य तेथे वेव्हमध्येच करावे. एका माइकच्या, वर सांगितलेल्या प्रतीच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे ३४६ मेगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या लहानशा कार्डावर असे दीडशेहून अधिक तास मावतात. तेव्हा जागेच्या काटकसरीसाठी प्रत कमी करण्याचे कारण नाही.

जागा, अंतर आणि पातळी

नवशिक्याची समजूत अशी असते की, महाग यंत्र म्हणजे चांगले मुद्रण. अनुभव मात्र असा आहे की, शांत खोलीत जवळ ठेवलेला साधा मोबाइल हा गोंगाटात दूर ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा सरस ठरतो. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

जागा निवडताना प्रथम दोन मिनिटे गप्प बसून ऐकावे. पंखा, फ्रिज, दूरचित्रवाणी, शेजारची गिरणी, रस्त्यावरची वाहने हे आवाज आपल्या कानांच्या सवयीचे असतात, म्हणून जाणवत नाहीत. माइकला अशी सवय नसते. पत्र्याच्या छपराखाली किंवा रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो. गोधड्या, अंथरुणे, धान्याची पोती असलेली घरातील खोली अधिक चांगली. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या तरी घुमणे पुष्कळ कमी होते. मोबाइलवर मुद्रण करावयाचे असल्यास तो विमान-अवस्थेत ठेवावा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या ओवीत फोन वाजतो.

अंतराचा नियम सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. भोवतीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत ते एक हात एवढ्या अंतरावर, थोडा बाजूला ठेवावा. अगदी समोर धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा श्वास माइकवर आदळतो. उघड्यावर वारा असल्यास माइकवर फोमची टोपी घालावी. मोबाइल हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलावर ठेवावा, म्हणजे बोटांची खसखस येत नाही.

पातळीविषयी विशेष जपावे लागते. अंकीय यंत्रात शून्य डेसिबल ही शेवटची मर्यादा होय. तिच्यापुढचा आवाज काठीच्या टोकापलीकडे गेलेल्या पाण्यासारखा असतो. तो मोजला जात नाही, फाटून येतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजसुद्धा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. आवाज थोडा लहान आला तर नंतर वाढविता येतो. आधी अर्धे मिनिट चाचणी घेऊन ती हेडफोन लावून ऐकावी. ही चाचणी वगळून कोणतेही मुद्रण सुरू करू नये.

जात्यावरच्या गाण्याची एक वेगळी अडचण आहे. अनेकींना हात फिरल्याशिवाय शब्दच आठवत नाहीत, आणि जात्याची घरघर तर गाण्यावर मात करते. अशा वेळी दोनदा मुद्रण करावे. पहिल्यांदा जाते फिरवीत गाऊ द्यावे. जात्यात मूठभर ज्वारी घालावी आणि माइक दगडाकडे नव्हे, तर तोंडाकडे वळवावा. दुसऱ्यांदा तेच गाणे जात्याविना म्हणवून घ्यावे. पहिल्या मुद्रणात लय मिळते, दुसऱ्यात शब्द स्पष्ट मिळतात.

चित्रमुद्रण

चित्रमुद्रण म्हणजे सेकंदाला ठरावीक संख्येने घेतलेल्या स्थिरचित्रांची माळ. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे हा दर रूढ आहे. यंत्रात सोय असल्यास तोच निवडावा. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने दुसऱ्या दरावर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकताना दिसते. दिवसाचा उजेड वापरला की हा प्रश्नच उरत नाही. चित्राची १९२० गुणिले १०८० ही प्रत पुरेशी आहे. तिला मिनिटास साधारण सव्वाशे मेगाबाइट लागतात. यंत्रानुसार हा आकडा कमीजास्त होतो.

बोलणाऱ्या व्यक्तीस खिडकी किंवा दाराकडे तोंड करून बसवावे. खिडकी पाठीमागे आली, तर चेहरा काळा पडतो. मोबाइल आडवा धरावा, किंबहुना धरूच नये. तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चवडीवर, डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवावा. जवळचे दृश्य हवे असल्यास झूम न करता यंत्रच जवळ न्यावे. यंत्र सुरू केल्यावर दहा सेकंद थांबून बोलणे सुरू करावे आणि बोलणे संपल्यावरही दहा सेकंद ते चालू ठेवावे. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक सोसतो. शब्द कळले नाहीत तर सारे व्यर्थ जाते. म्हणून चित्रमुद्रणातही पहिले लक्ष आवाजाकडे द्यावे. एखाद्या आजींना कॅमेऱ्यासमोर संकोच वाटत असेल, तर केवळ ध्वनिमुद्रणावर समाधान मानावे.

विचारणे आणि संमती

मुद्रणापूर्वी ते कशासाठी आहे, कोण ऐकेल, कोठे ठेवले जाईल हे त्या व्यक्तीस तिच्या भाषेत सांगावे आणि तिची संमती मुद्रणाच्या आरंभीच नोंदवून घ्यावी. १९४८ च्या आठवणी काहींना सुखाच्या, तर काहींना फार दुःखाच्या असतात. सांगणाऱ्याने थांबवा म्हटले की थांबावे, आणि गाळा म्हटलेला भाग कोणासही ऐकवू नये. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारे प्रश्न विचारू नयेत. ‘त्या वेळी घरात काय चालले होते, आजी?’ असे विचारावे. उत्तर चालू असताना ‘हं, हं’ न म्हणता मान डोलवावी. बोलणारी व्यक्ती मराठीतून कन्नडमध्ये वा दखनीत गेली, तर तिला अडवू नये. ती सरमिसळ हीच या प्रदेशाची खरी बोली होय.

नोंद आणि प्रती

मुद्रण संपताच, यंत्र बंद करण्यापूर्वी, मुद्रण करणाऱ्याने स्वतः बोलून सांगावे : आजची तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव व वय, भाषा आणि विषय. वही हरवली तरी ही नोंद आवाजाबरोबर राहते. फाइलच्या नावात गाव, वर्ष-महिना-दिवस आणि क्रमांक हा क्रम कायम ठेवावा. यंत्राने आपोआप दिलेल्या नावाच्या शंभर फाइली वर्षभराने उघडल्यास कोणती कोणाची, हे सांगणारे कोणी नसते.

प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. उदाहरणार्थ, एक शाळेच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ग्रंथालयात आणि एक संबंधित कुटुंबाकडे पेन ड्राइव्हवर. मोबाइलच्या संदेशातून साधेपणाने पाठविलेले चित्रमुद्रण आक्रसते, म्हणून ती मूळ प्रत मानू नये. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐकावी आणि जुने होत चाललेले साधन वेळीच बदलावे.

शिक्षकांना याचा आरंभ सहज करता येईल. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी वर्गातच एकमेकांचे दोन मिनिटांचे मुद्रण एक वीत, एक हात आणि दहा हात अशा तीन अंतरांवरून करावे व तिन्ही ऐकून फरक लिहावा. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक ओवी, एक पद किंवा एक आठवण घ्यावी, तिची नोंद करावी आणि तीन प्रती ठेवाव्यात. ग्रामपंचायतीने व ग्रंथालयाने त्यांसाठी एक कपाट आणि एक नोंदवही राखून ठेवावी. एका शाळेत तीस मुले असतील, तर महिन्याभरात गावातील तीस आवाज नाव-गावासह सुरक्षित होतील. ज्या घरात सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती आहे, त्या घरापासून सुरुवात करावी.