चाक का फिरत नाही?

विजेवर चालणारी सायकल आता मोठ्या शहरांप्रमाणे लहान गावांतही दिसू लागली आहे. वृत्तपत्रे टाकणारे, दुधाचा रतीब घालणारे, जेवणाचे डबे पोहोचवणारे अनेक जण तिच्यावर अवलंबून असतात. अशी सायकल एखाद्या पहाटे जागची हलेनाशी झाली, की त्या दिवसाची कमाई बुडते. दुरुस्तीसाठी नेल्यास ‘कंट्रोलर जळाला’ असे पुष्कळदा चटकन सांगितले जाते. नवा कंट्रोलर बसवूनही चाक फिरत नाही, तेव्हा खरा दोष ब्रेकच्या मुठीतील लहानशा स्विचमध्ये होता हे उशिरा ध्यानात येते. दोष शोधण्याची रीत ठाऊक असेल, तर हा भुर्दंड बहुधा टळतो.

या सायकलची मोटर बहुधा चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये असते. तिच्या बाहेरच्या कड्यावर लोहचुंबक बसवलेले असतात आणि आत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. या गुंडाळ्यांना पिवळ्या, हिरव्या व निळ्या अशा तीन जाड तारांतून वीज मिळते. तिन्ही तारांत योग्य क्रमाने वीज सोडण्याचे काम कंट्रोलर करतो. परंतु चुंबक या क्षणी कोठे आहे, हे त्याला कळावे कसे? त्यासाठी मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर असतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ते चालतात. डोळ्यांनी पाहावे आणि मेंदूने हातापायांना आज्ञा द्यावी, तसाच हा व्यवहार आहे. डोळे अधू झाले, तर मेंदू व पाय धडधाकट असूनही चाल अडखळते.

तपासणीसाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो. सायकल स्टँडवर अशी उभी करावी, की मोटरचे चाक जमिनीला टेकणार नाही. आरंभ बॅटरीपासून करावा. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भारित असता सुमारे ४२ व्होल्ट दाखवते. ४८ व्होल्टची, तेरा सेलांची बॅटरी सुमारे ५४.६ व्होल्ट दाखवते. आकडा ठीक असला तरी मूठ पिळताच तो एकदम घसरत असेल, तर बॅटरी दुबळी झाली आहे किंवा एखादी जोडणी सैल आहे. बॅटरीचा डबा मात्र नवशिक्याने कधीही उघडू नये. त्यात आगीचा धोका असतो.

यानंतर ब्रेक पाहावा. ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच त्याच्या मुठीत असतो. धूळ किंवा पावसाचे पाणी जाऊन तो अडकला, की कंट्रोलरला ब्रेक सदैव दाबलेलाच वाटतो. बहुतेक सायकलींत त्या स्विचची जोडणी क्षणभर सोडवून पाहता येते. चाक फिरू लागले, तर दोष सापडला. मात्र नवा स्विच बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ नये.

वेग वाढवण्याच्या मुठीला, म्हणजे थ्रॉटलला, सामान्यतः तीन तारा असतात. लाल व काळ्या तारेत सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. मूठ पिळत गेल्यावर तिसऱ्या तारेवरील दाब साधारण १ व्होल्टपासून ४ व्होल्टच्या आसपास चढत जावा. तो जागचा हललाच नाही, तर थ्रॉटल बिघडला आहे. मुळात ५ व्होल्टच मिळत नसतील, तरीही कंट्रोलरला लगेच दोष देऊ नये. थ्रॉटल आणि मोटरचे सेन्सर एकाच ५ व्होल्टवर चालतात; त्यांपैकी एकात आतल्या आत तार भिडली, तर सर्वांचाच दाब कोसळतो. एकेक जोडणी सोडवून पाहावी. जी सोडताच ५ व्होल्ट परत येतात, तेथेच दोष असतो. ही तपासणी करताना मीटरची सळई घसरू देऊ नये. बॅटरीचा दाब या बारीक तारांत शिरला, तर चांगला कंट्रोलरही क्षणात निकामी होतो.

चाक नुसते थरथरते, घरघरते आणि हाताने ढकलले तरच फिरते, अशी तक्रार असेल, तर एखादा हॉल सेन्सर किंवा तीन जाड तारांपैकी एक साथ देत नाही असे समजावे. सेन्सरची जोडणी न सोडता तिच्या मागील बाजूने मीटर लावावा व चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे. प्रत्येक सेन्सरच्या तारेवर आळीपाळीने शून्य आणि ५ व्होल्टच्या जवळचा आकडा दिसावा. आत दातेरी चक्रे असलेल्या मोटरचे चाक उलट दिशेने फिरवावे लागते, कारण पुढे फिरवताना आतील भाग हलतच नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने कित्येक चांगल्या मोटरी बिघडलेल्या ठरतात!

आता उरला कंट्रोलर. बॅटरी काढूनही चाक जड, धक्के देत फिरत असेल आणि तीन जाड तारा सोडवताच हलके होत असेल, तर कंट्रोलरमधील मॉसफेट बहुधा जळाले आहेत. तारा सोडवूनही चाक तसेच जड राहिले, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या तारांत आहे. चाकाच्या आसाचा नट ढिला झाला, तर आसच फिरतो आणि त्याच्या पोकळीतून येणाऱ्या तारा पिळवटून एकमेकींना भिडतात. अशा वेळी नवा कंट्रोलर जोडला, तर तोही जळतो. म्हणून आधी तारा दुरुस्त कराव्यात, नट घट्ट करावा आणि मगच जुन्या इतक्याच व्होल्टचा व अँपिअरचा कंट्रोलर आणावा.

पाठावरील प्रश्न
१. हॉल सेन्सरला लेखकाने डोळ्यांची उपमा का दिली आहे?
२. थ्रॉटलला ५ व्होल्ट मिळत नसतील, तर दोष कसा शोधावा? आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘भुर्दंड’ व ‘धडधाकट’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.