निजवेळेची कथा



गेल्या कार्तिकात वणीस एकादशीचे कीर्तन होते. कार्तिक म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस. समोर बसलेल्या कित्येक आयाबाया शेतातून घरी येऊन, हातपाय धुऊन, भाकरी टाकून तशाच आलेल्या. कोणाच्या केसांत अजून कापसाचा तंतू अडकलेला. कीर्तन आटोपले, आरती झाली, लोक पाया पडून जाऊ लागले. एक बाई मात्र बाजूस उभी राहिली. खांद्यावर चार-पाच वर्षांचे पोर गाढ झोपलेले. म्हणाली, "महाराज, एक विचारू काय? दिवसभर येचून येचून पाठ मोडते. राती पोरगं म्हनते, गोष्ट सांग. मले तं दोन शबूद बोलाचा जीव राह्यत नाई. नाई सांगतली तं थो झोपत नाई. काय करू?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "भक्तविजयाची पोथी घरी ठेव. रोज एक अध्याय वाचून दाखव." ती "बरं महाराज" म्हणाली, नमस्कार केला आणि गेली.

परत येताना आमचे मृदंगवादक गाडीत म्हणाले, "महाराज, अध्याय सरेपर्यंत पोट्टं नाई, थे मायच झोपन." आम्ही हसलो. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. भक्तविजय थोर ग्रंथ खरा. पण जिचे डोळे मिटत आहेत तिच्या हाती ओवीबद्ध पोथी देणे म्हणजे तहानलेल्यास विहीर खणावयास सांगणे होय. त्या माउलीस जे सांगावयास हवे होते ते येथे लिहीत आहोत. तिच्यासारखी घरे पुष्कळ आहेत.

प्रथम एक भीड मोडली पाहिजे. मनाने रचून गोष्ट सांगणे म्हणजे खोटे बोलणे, असे कित्येक सात्त्विक माणसांस वाटते. लहानपणी पाठशाळेत आम्ही अमरकोश घोकला. अर्थ पुढे पुष्कळ वर्षांनी कळला. अमरसिंहाने आख्यायिका आणि कथा असे दोन वेगळे शब्द दिले आहेत. जिचा विषय आधीच ज्ञात आहे, घडलेला आहे, ती आख्यायिका. आणि जिची रचना कल्पनेची, ती कथा. म्हणजे कल्पिलेली कथा ही खोट्याची बहीण नव्हे. तिला शास्त्राने स्वतःचे नाव आणि स्वतःचे घर दिले आहे. आईने निजवेळेस कथा रचली तर तिने असत्य भाषण केले नाही. अट एकच, आणि ती पुढे सांगू; त्या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे.

दुसरी भीड अशी की, आम्हां अडाण्यांस गोष्ट कोठून सुचणार? तर वाचकहो, मराठीत लिहून ठेवलेल्या अगदी जुन्या बालकथांपैकी एक आठवा. ती कावळा-चिमणीचीच आहे. शेणाच्या आणि मेणाच्या घराची ही कथा तेराव्या शतकाच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींच्या तोंडी आलेली आहे, आणि तो ग्रंथ म्हाइंभटांनी आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरी सिद्ध केला. संप्रदाय निराळा असेल, पण मराठीचे अंगण एकच. आता घरोघर सांगतात ती कथा नीट ऐका. पावसात कावळ्याचे घर वाहून गेले. तो चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी दार उघडत नाही. का? तर तिला काम आहे. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ घालायचे आहे, निजवायचे आहे. हे काय आहे? हा तर आईचा रोजचा संध्याकाळचा व्याप! आमचे मत विचाराल तर ही कथा कोणा पंडिताने रचलेली नाही. हातात पोर आणि दारात काम असलेल्या बाईनेच ती वाढवली असली पाहिजे. म्हणूनच तिच्यात एक मोठी सोय आहे. पोर जागे असेल तर चिमणीला आणखी चार कामे लावा. पोर पेंगू लागले की दार उघडा. कथा जितकी ओढावी तितकी ओढते, आणि आवरावी तेव्हा आवरते. श्रावणातील कहाण्यांतही साठांचे पाच करण्याची जी रीत आहे ती आम्हांस अशीच शहाणपणाची वाटते. पंचतंत्राचे तसे नाही. विष्णुशर्म्याने राजपुत्रांसाठी कथेच्या पोटात कथा, तिच्या पोटात तिसरी, अशी गुंफण केली. राजपुत्रांस सहा महिने अवधी होता. थकलेल्या आईने त्या वाटेस जाऊ नये. मधल्या कथेतच अडकायची.

आता आमच्या धंद्यातील एक गुपित सांगतो. कीर्तनकारासही थकवा येतो. दोन तास उभे राहावयाचे, तेही कधी सप्ताहाच्या सहाव्या दिवशी, घसा बसलेला असताना. मग आम्ही काय करतो? ध्रुपद टाळकऱ्यांच्या स्वाधीन करतो. ते म्हणू लागले की आम्ही श्वास घेतो, उपरणे सावरतो, पुढचा दृष्टांत मनात जुळवतो. श्रोत्यांस वाटते, काय रंग भरला! खरे पाहता महाराजांनी विसावा घेतला. ध्रुपद नसते तर वारकरी कीर्तन एका माणसाच्या छातीने निभले नसते.

निजवेळेच्या कथेलाही असेच ध्रुपद द्यावे आणि पोरास टाळकरी करावे. एक सोपे वाक्य, चार-पाच शब्दांचे, दर थोड्या वेळाने येणारे. पहिल्या दोन वेळा आपण म्हणावे. तिसऱ्या वेळेस थांबावे. पोर आपण होऊन म्हणते. त्याने म्हटले की आपल्यास तेवढा विसावा.

दुसरी युक्ती वेताळाची. वेताळपंचविशीत राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आहे, वाट सरत नाही, म्हणून वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकून मोकळा होतो. उत्तराचे ओझे राजावर! आईनेही अडले तेथे विचारावे, "मग पुढे कोण भेटलं असेल रे?" पोर उंदीर म्हणाले तर उंदीर, ट्रक म्हणाले तर ट्रक. आमच्याकडे कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात, तेव्हा बहुधा ट्रकच येतो. त्यास नकार देऊ नये. अर्धी कथा पोराने केली की ती त्याची होते, आणि स्वतःच्या कथेत पोर लवकर झोपते असा आमचा अनुभव आहे.

एवढे मनाशी जुळवून आम्ही मार्गशीर्षातल्या एकादशीस पुन्हा वणीस गेलो, आणि त्या बाईस मुद्दाम बोलावून एक कथा दिली. ती अशी.

वणीच्या शिवारातून कापसाची बंडी बाजाराला निघाली. रस्त्यात दगड आला, बंडी उधळली, आणि कापसाचा एक पुंजका खाली पडला. बंडी निघून गेली. पुंजका बाभळीच्या काट्याला अडकला आणि म्हणाला, "मला पंढरीला जायचं!" (हे ध्रुपद.) का जायचं? तर विठोबापुढच्या समईत त्याला वात व्हायचं आहे. वारा आला. पुंजका म्हणाला, "मला पंढरीला जायचं!" वारा म्हणाला, पंढरी लांब आहे, मी निर्गुडेच्या पलीकडे नेतो. तेथे टाकून वारा गेला. मग एक बकरी आली. तिच्या शिंगाला चिकटून मारेगाव. तेथे कोणाच्या पागोट्यात बसून करंजी. रोज एक गाव, रोज एक नवा सोबती, आणि प्रत्येकास तेच सांगायचे. पोर झोपले की पुंजका त्या गावी मुक्कामाला. उद्या तेथून पुढे. वणी ते पंढरपूर गावे पुष्कळ आहेत. एक हिवाळा सहज निघतो, आणि आईस रोज नवी कथा शोधावी लागत नाही. बाईने तेथल्या तेथे दोनदा म्हणून पाहिली. दुसऱ्यांदा तिने बकरीच्या जागी स्वतःच्या घरची शेळी घातली, नावासकट. आम्ही मनात म्हटले, हिला आता आमची गरज नाही.

आता ती अट. आमच्या घरी सात वर्षांचा नातू आहे. एकदा सप्ताह उरकून आम्ही अंग टाकले, तोच हा उशाशी. "आबाजी, नामदेवाची गोष्ट." नामदेवाने नैवेद्य नेला आणि देव जेवला, ही कथा त्यास पाठ. तिच्यात काही नवे हवे म्हणून झोपेच्या भरात आम्ही एक बकरी घातली. बकरीने नैवेद्याचे ताट उष्टे केले, नामदेव तिच्यामागे चंद्रभागेपर्यंत धावला, वगैरे. नातू पोट धरून हसला. आम्ही विसरलो. महिन्याभराने आमच्या कीर्तनात तोच प्रसंग भक्तविजयाच्या आधाराने चालला होता. हा पुढे टाळ घेऊन बसलेला. मध्येच उठून मोठ्याने म्हणाला, "आबाजी, बकरी राहिली!" सभा हसली, आम्हीही हसलो. परंतु कीर्तन संपल्यावर एका वृद्ध वारकऱ्याने शांतपणे विचारले, "महाराज, ही बकरी कोणत्या ग्रंथातली?" सांगावे लागले, कोणत्याच नाही, आमची आहे. नातू तेथेच उभा होता. घरी जाताना त्याने विचारले, "मग देव जेवला, तेपण तुमीच केलं काय?"

वाचकहो, चाळीस वर्षांच्या कीर्तनात आम्हांस असा प्रश्न कोणी केला नव्हता. बकरी गेली त्याचे काही नाही. पण बकरीबरोबर देवही निघाला होता.

महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला. त्यांच्यासारख्या रसाळ कवीस कल्पना का सुचत नव्हती? तरी हे आपण मनचे लिहीत नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार आहे, असे त्यांनी ग्रंथातच स्पष्ट केले. ताहराबादच्या त्या महापुरुषाने पाळलेला विधिनिषेध आम्ही झोपेत मोडला. तेव्हा चिमणी, शेळी, कापूस, ट्रक, राजा, राक्षस यांच्या कथा हव्या तशा रचाव्या; नामदेव, जनाबाई, चोखोबा यांच्या चरित्रात आपली बकरी घालू नये. आणि रचलेली कथा सांगताना आरंभीच म्हणावे, "ही आपली घरची गोष्ट हं." पोरास हा भेद समजतो. नातवासमोर आम्ही पोथी काढून तो प्रसंग ओळीवर बोट ठेवून वाचला. तो बराच वेळ पानावर वाकून बकरी शोधत होता. नाही सापडली तेव्हा त्याचे समाधान झाले.

रचावयाचे त्राणही नसेल तर घडलेले सांगावे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले, त्यातील बेचाळीस प्रकरणांस रात्रींचीच नावे आहेत. तेथे राजा नाही, परी नाही, आठवणीच आहेत. आज शेतात काय झाले, मुकादम काय बोलला, कोणाची चप्पल चिखलात राहिली, एवढ्यावरही पोर झोपते.

आणखी एक, केवळ आमच्या भागापुरते. रात्रीच्या कथेत वाघ आणू नये. पुण्या-मुंबईच्या मुलास वाघ म्हणजे चित्र. आमच्या जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातील ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तोवर आई शेतात गेली की पोरांचा जीव टांगणीला लागे. ज्याची आई उद्या सकाळी पुन्हा पऱ्हाटीत जायची आहे, त्यास गमतीचा वाघही गमतीचा वाटत नाही.

खाणीत रात्रपाळी करणारे बाप म्हणतात, आम्ही कधी सांगावी? उकणी-निलजईकडे जाणाऱ्या एका गृहस्थाने यावर तोड काढली आहे. कामावर निघताना, पायात बूट चढवता चढवता तो कथेचा आरंभ करतो आणि दारातून निघून जातो. उरलेली आई पुरी करते. दोघांची कथा जुळत नाही म्हणून सकाळी पोर बापाशी भांडते. भांडो बापडे. पोरापुढे मोबाईल धरून आईबाप पाठ टेकतात, त्यांनाही आम्ही दोष देत नाही. थकलेल्या माणसास जवळची काठी दिसते. इतकेच की मोबाईल "पुढे कोण भेटलं असेल?" म्हणून पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही.

माघ एकादशीस ती बाई पुन्हा भेटली. या वेळी पोर जागे होते, पदर धरून उभे. आम्ही विचारले, "काय रे, पुंजका कुठवर आला?" तो आईमागे लपला. ती म्हणाली, "महाराज, करंजीलेच आहे महिनाभरापासून. पुढं जाऊ देत नाई." का म्हणून विचारता कळले की, पोराने समई पाहिलेली. वात जळते हे त्यास ठाऊक. पंढरीस पोचला की पुंजका जळणार, म्हणून तो रोज काहीतरी निमित्त काढून त्यास करंजीस अडवतो. एके दिवशी पाऊस, एके दिवशी पुंजक्याला ताप.

आम्ही आत्मनिवेदन भक्तीवर बोलावयास तोंड उघडले. बाई म्हणाली, "थे तुमी कीर्तनात सांगा, महाराज. याले काय सांगू थे सांगा."

आम्ही खाली बसून पोरास विचारले, "मग त्यानं पंढरीला जाऊच नये का?" तो विचार करून म्हणाला, "जावं. पन वात नाई होवाचं. विठोबाच्या उशीत जावं."

पुंजका करंजीहून निघाला आहे.