ओल्या मातीत सुकणारा जेड

प्रश्न : गॅलरीतल्या जेडची पाने जुलैत सुरकुतली. तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवले, तर पाने आणखी मऊ पडली. आता नुसता हात लागला तरी गळतात. माती तर ओलीच आहे. मग झाड सुकते कशाने?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाण्यानेच. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरून राहिल्या, की मुळे गुदमरतात. त्यांच्यावर बुरशी चढते आणि मूळकूज सुरू होते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे पान स्वतःतला साठा वापरू लागते आणि सुरकुतते. म्हणजे तहान खरी आहे, पण ती वरून पाणी ओतून भागणारी नाही. सुरकुतलेले पान तहानेचे की कुजीचे, हे पानापेक्षा मातीतच नीट कळते.

बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि थोड्या वेळाने बाहेर काढा. काडी कोरडी निघाली, पाने पातळ पण हिरवी असली आणि देठाशी घट्ट असली, तर रोप खरोखर तहानलेले आहे. भरपूर पाणी घाला, दोन-चार दिवसांत पाने पुन्हा भरतील. काडीला ओली माती चिकटली, पाने पिवळट व अर्धपारदर्शक दिसली आणि बुंधा मऊ किंवा काळा लागला, तर ती कूज. तुमचे वर्णन या दुसऱ्या प्रकारचे आहे.

रोप कुंडीतून काढून माती झाडा. काळी, पिचपिचीत मुळे स्वच्छ ब्लेडने कापून टाका. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात, ती ठेवा. कापलेले भाग सुकेपर्यंत रोप चार-पाच दिवस सावलीत उघडे ठेवा, मग कोरड्या मिश्रणात लावा. पाणी आठवडाभराने द्या. बुंधाच आतून तपकिरी झाला असेल, तर वरची फांदी आतला गर स्वच्छ हिरवा दिसेल तिथे कापा, जखम सुकवा आणि नव्याने लावा. जेडच्या फांदीला मुळे सहज फुटतात.

प्रश्न : आम्ही आठवड्याला एकदाच पाणी देतो, कुंडीच्या तळाशी खडेही घातलेत. तरी पावसाळ्यातच रोपे का जातात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेळापत्रक बारा महिने एकच ठेवल्याने. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या जेडची आणि मेक्सिकोतल्या, तशाच मांसल पानांच्या एचेव्हेरियाची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा ती मिटलेली असल्याने पाण्याची बचत होते. त्यात आषाढ-श्रावणातली दमट हवा आणि ढगाळ आभाळ. मेमध्ये चार दिवसांत सुकणारी कुंडी तेव्हा पंधरा दिवसही ओली राहते. म्हणून वार पाहू नका, काडी पाहा.

तळातल्या खड्यांनी निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, त्याच्या वरच अडते. उलट मुळांसाठीची कोरडी जागा कमी होते. त्याऐवजी सगळे मिश्रणच भरड करा : निम्मी माती आणि निम्म्यात जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट. रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा कोकोपीटमध्ये असते. कोकोपीट पाणी धरून ठेवते, म्हणून ते जमेल तितके झाडून मगच लावा. कुंडी मातीची असावी, तिला भोक असावे आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

पाऊस मुळात वैरी नाही. शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी आपली शिंदळ माकुडी मांसल खोडाचीच. सह्याद्रीचा पाऊस ती अंगावर घेते आणि पानेही पावसाळ्यातच धरते. पण कातळाच्या भेगेत तिच्या मुळाशी पाणी थांबत नाही.

प्रश्न : पानांच्या कडा लाल होणे, खालची पाने वाळणे, पानांवर पांढरी भुकटी दिसणे : यांतला रोग कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा एकही नाही. लाल कडा म्हणजे जास्त ऊन किंवा थंडी लागल्यावर पानात तयार होणारे रंगद्रव्य. रोप टवटवीत असेल तर चिंता नको. पण ऑक्टोबरमध्ये ढग हटताच उन्हाच्या बाजूला तपकिरी, कोरडे डाग पडले, तर पान भाजले आहे. तो डाग भरून येत नाही, नवे पान मात्र चांगले येते. सावलीतली कुंडी उन्हात हळूहळू, आठ-दहा दिवसांत न्या.

सगळ्यांत खालची जुनी पाने कागदासारखी वाळणे नैसर्गिक आहे. वरची किंवा मधली पाने पिवळी पडू लागली, की मात्र मुळे तपासा.

एचेव्हेरियावरची एकसारखी, बोटाने पुसली जाणारी भुकटी हे पानाचे मेणचट संरक्षण आहे, ती पुसू नका. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले आणि मुंग्यांची ये-जा असली, तर तो पिठ्या ढेकूण. रोप इतरांपासून दूर ठेवा. कापसाच्या बोळ्यावर रबिंग अल्कोहोल घेऊन पुंजके टिपून काढा आणि आठवड्याने पुन्हा पाहा, कारण अंडी मागे राहतात. निंबोळी तेल वापरायचेच असेल तर संध्याकाळी. तेल लागलेले पान उन्हात भाजते आणि भुकटीही निघून जाते. दोनदा टिपूनही रोप खंगतच राहिले तर कुंडीतून काढून पाहा. ही कीड मुळांवरही बसते.