लाकूड म्हणजे जळण नव्हे, मसाला! धुरावरच्या पदार्थांसाठी लाकूड कसं निवडायचं?



धुरावरचं चिकन किंवा पनीर घरून विकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, लाकूड कुठलं घ्यायचं आणि मिळतं कुठं?" आज तेवढाच धडा घेऊ.

आधी एक अनुभव. आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी पहिल्या ऑर्डरसाठी चार किलो चिकन मुरवलं. मसाला चोख, माल ताजा. लाकूड मात्र घरामागं पडलेल्या पॅकिंगच्या खोक्याचं. चिकनला औषधासारखा वास लागला. ऑर्डर गेली, पैसे परत द्यावे लागले. ते लाकूड कसलं होतं, हे ताईंना सांगताच येईना. खरी चूक तिथंच झाली.

कोल्हापुरात चटणीसाठी मिरची घेताना आपण संकेश्वरी किती, ब्याडगी किती, रंग कसा, वास कसा, सगळं बघतो. लाकडाची वेळ आली की मात्र "जाळायचंच तर आहे" म्हणून मिळेल ते उचलतो. धूर पदार्थात उतरतो, गिऱ्हाईक तो खातं. म्हणून लाकूड मसाल्यासारखं निवडायचं.

१. जाळ वेगळा, धूर वेगळा

आपल्याकडच्या गुऱ्हाळात उसाची वाळलेली चिपाडं चुलाणात घालतात. रस उकळायला मोठा जाळ लागतो, त्याला चिपाड बरोबर आहे. ते भडकतं आणि पटकन संपतं. आपल्याला उलट हवं, म्हणजे संथ धुमसणारं लाकूड. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो तापून तुटला की धुराचा तो खास वास तयार होतो.

म्हणून शिजवायचं काम गॅसवर करा आणि लाकूड फक्त धुरासाठी वापरा. जाड बुडाच्या पातेल्यात मूठभर ढलप्या, वर जाळी, जाळीवर पदार्थ, घट्ट झाकण. एवढ्यावर सुरुवात होते. हे मोकळ्या जागेतच करायचं, बंद खोलीत धूर जीवघेणा ठरतो. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलंच पाहिजे, नुसत्या धुरावर विसंबू नका.

धंद्याच्या दृष्टीनंही हेच शहाणपणाचं आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. नियम उद्या आपल्या गावातही कडक होऊ शकतात. शिवाय शेजाऱ्यांची तक्रार आली तर धंदा आजच अडतो.

२. कुठलं घ्यायचं?

- आंबा, पेरू : धूर सौम्य. चिकन, पनीर, मक्याचं कणीस यांना चालतो. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.
- बाभूळ : कठीण लाकूड, निखारा बराच वेळ टिकतो. धूर जोरकस, म्हणून मटणाला, तोही बेतानं.
- चिंच : हेही कठीण, सावकाश जळतं.
- नारळाची करवंटी : निखारा छान होतो. शेंडी पूर्ण काढून घ्या.

३. कुठलं अजिबात नको?

- रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ. यात रसायनं आणि गोंद असतो.
- कारखान्यातली पॅलेट आणि खोकी. शिरोली, गोकुळ शिरगावकडे अशी लाकडं स्वस्तात मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर 'एमबी' असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिक्का नसला तरी त्यावर काय सांडलंय ते कळत नाही. घेऊच नका.
- चीड, कारण त्यात राळ असते. निलगिरी, कारण तेलाचा उग्र वास लागतो. कडुलिंबानं कडवटपणा येतो.
- कण्हेर आणि बिब्बा. कण्हेर विषारी आहे, बिब्ब्याचा धूर अंगावर उठतो.
- बुरशी आलेलं कुठलंही लाकूड.

४. मिळतं कुठं?

जळणाची वखार : "जळण द्या" म्हणू नका. "फक्त आंब्याचं द्या" म्हणा आणि समोर निवडून घ्या.

शेतकरी : बागेची छाटणी झाली की फांद्या पडून असतात. फवारणी कधी केली होती, हे जरूर विचारा. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. म्हणून झाड तोडायला लावू नका, छाटणीच्या फांद्या घ्या.

लाकूड कापायची मिल : भुसा स्वस्त असतो, पण त्यात दहा जातींची लाकडं आणि मशीनचं तेल मिसळलेलं असू शकतं. एकाच जातीचे तुकडे मिळाले तरच घ्या.

५. वाळलंय का बघा

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं बद्द वाजतं. टोकाला चिरा दिसल्या पाहिजेत. शंका असेल तर एक तुकडा वजन करून आठवडाभर उन्हात ठेवा. वजन आणखी घटलं तर लाकूड अजून ओलं आहे. ओल्या लाकडाचा पांढरा, दाट धूर पदार्थ कडू करतो. आपल्याला पातळ, निळसर धूर हवा.

आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. त्यामुळं मृग लागायच्या आत वर्षाचं लाकूड फोडून, जमिनीपासून उंच, हवेशीर आडोशाला रचून ठेवा.

६. हिशोब मांडा

समजा लाकूड २० रुपये किलो पडलं आणि एका घाण्याला १०० ग्रॅम लागलं. खर्च झाला २ रुपये. त्याच घाण्यात ४०० ते ५०० रुपयांचं चिकन आहे. २ रुपये वाचवायला ५०० रुपयांचा माल आणि गिऱ्हाईक पणाला लावायचं का? लाकूड दुप्पट महाग मिळालं तरी चालेल, पण ते कुठल्या झाडाचं, हे माहीत हवंच.

या आठवड्याचा गृहपाठ

आंबा, पेरू आणि बाभूळ, तिन्हीच्या अर्धा-अर्धा किलो ढलप्या आणा. एकाच मसाल्याचं पनीर तिन्हीवर सारखाच वेळ ठेवा. घरातल्या पाच जणांना लाकडाचं नाव न सांगता खायला द्या. वहीत लिहा : तारीख, लाकूड, कुठून आणलं, किती ग्रॅम, किती मिनिटं, कोण काय म्हणालं. जे जिंकेल, तेच तुमचं लाकूड. पुढचे सहा महिने ते बदलू नका, कारण गिऱ्हाईक परत येतं ते त्याच चवीसाठी.

आणि हो, पहिली ऑर्डर घेण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. भेटू पुढच्या धड्यात!