रेंज नाही तिथे ओटीपी

लॉजवर, कॅफेत, अभ्यासिकेत वायफाय जोडलं की आधी एक पान पुढ्यात येतं. नाव टाका, मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. ही पानं बसवणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष पान दिसतं कसं याकडे असतं. मला धास्ती असते ती पाहुण्याला नेट मिळण्याआधीच्या मिनिटभराची. तेवढ्या वेळात आपला राउटर जे देईल तेवढंच त्याच्या फोनला मिळतं.

आंबोलीतल्या एका रिसॉर्टवर मला बोलावलं, तेव्हा पान कुणीतरी आधीच बसवून गेलं होतं. मालक वैतागलेले. "वायफाय आसा, पण नेट लागणा नाय. पावण्यांका काय सांगू?" खोल्या दरीच्या अंगाला, मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. रेंज नाही म्हणून तर पाहुणे वायफाय मागत होते, आणि पान मागत होतं ओटीपी! लोक छत्री घेऊन वर रस्त्यावर जायचे, ओटीपी मिळवायचे आणि खोलीत परत येईतो त्याची मुदत संपलेली असायची.

मग ओटीपी हवाच कशाला? जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळची धमकीची ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरातलं उघडं वायफाय वापरून पाठवली गेली होती. साहजिकच तपास आधी त्या घरात पोहोचला. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याच्या सूचना काढल्या. तेव्हा ओळख हवीच, पण ती एसएमएसनेच पटवली पाहिजे असं नाही. लॉजवाला ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नोंद करतोच. आम्ही चेक-इनच्या वेळी खोली क्रमांकाला जोडलेलं कूपन द्यायला सुरुवात केली. छत्र्या आत राहिल्या.

तरी काही अँड्रॉइड फोनवर पान उघडेचना. या दुखण्याचं मूळ शोधायला वेळ लागला. वायफायला जोडल्याबरोबर फोन एका ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करतो. अँड्रॉइडला गूगलच्या सर्व्हरकडून २०४ क्रमांकाचं, म्हणजे रिकामं, उत्तर हवं असतं. आयफोन ॲपलच्या पानावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो. राउटर ही चौकशी मध्येच अडवून आपल्या पानाकडे वळवतो, तेव्हा फोनला कळतं की इथे लॉगिन करायचं आहे. इथल्या पानाचा देखणा मराठी फॉन्ट मात्र गूगलकडून येत होता. तो दिसावा म्हणून आधीच्या माणसाने 'जीस्टॅटिक डॉट कॉम'खालचे सगळे पत्ते लॉगिनआधीच खुले करून ठेवले होते. अँड्रॉइडच्या चौकशीचा पत्ताही त्याच छत्राखाली! फोनला खरंखुरं उत्तर मिळायचं, नेट सुरू आहे अशी त्याची समजूत व्हायची आणि पान कधी यायचंच नाही. तेव्हा फॉन्ट, लोगो, फोटो सगळं राउटरमध्येच ठेवा आणि खुल्या पत्त्यांची यादी कंजुषीने करा. पैसे घेऊन नेट देणार असाल, तर पेमेंटचे पत्ते त्यात लागतील.

पान आपोआप आलं नाही की पाहुणा ब्राउझर उघडून एखादी नेहमीची साइट टाकतो. ती एचटीटीपीएसवर असते. ती वळवायला गेलात तर सुरक्षिततेचा लाल इशारा येतो, आणि रिसेप्शनवरचा पोरगा सांगतो, "काही नाही होत, पुढे जा दाबा." ही सवय लावू नका. हाच माणूस उद्या बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावरही पुढे जा दाबेल. त्यापेक्षा लॉगिनच्या पानाचा पत्ता कूपनवरच छापा.

मजल्यागणिक वायफायला वेगळं नाव देण्याची हौसही आवरा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर वायफायला वेगळा, बनवलेला मॅक ॲड्रेस, म्हणजे राउटर फोनला ज्यावरून ओळखतो तो क्रमांक, देतात. नाव बदललं की राउटरच्या लेखी तो नवाच फोन, आणि जेवणघरातून खोलीत जाताना पाहुण्याला पुन्हा लॉगिन. खोलीतल्या टीव्हीला तर हे पान बहुधा उघडताच येत नाही. त्याला राउटरमध्ये आधीच सूट देऊन टाका.

आणि चाचणी मालकाच्या फोनवर घेऊ नका, तो केव्हाचाच आत असतो. कधी न जोडलेला फोन घ्या, सिम काढा, सगळ्यात लांबच्या खोलीत जा. तेही रात्री नऊनंतर, पाहुणे जेवून खोल्यांत परतल्यावर.